पितळ आक्रसत नाही

दुकानाची फळी उघडली की आधी लाकडाच्या गाठीला पाणी, मग स्वतःला चहा.

काम करताना बीहीच्या एका पायात चप्पल नसायची. लहानपणी तो धनुकलीच्या लेथवर शिकला होता. एका हाताने धनुकली ओढायची, दुसऱ्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने पटाशी धरायची. विजेचा लेथ येऊन जमाना झाला, पण अंगठ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

कुणाच्या घरी गेला की टेबलाच्या खालच्या बाजूला नख घासून त्याचा वास घ्यायचा. यजमानाला कळू न देता. निदान त्याची तशी समजूत होती.

बिनसाखरेचा चहा पितो असं बायकोला सांगायचा.

खोकला आला की भिंतीकडे तोंड फिरवायचा, आणि दुकानात कुणी नसलं तरी नंतर हळूच माफ करा म्हणायचा.

पेन पुरं झालं की ते खालच्या ओठावरून फिरवून बघायचा. बोटांना घट्टे पडले होते, ओठाला नाहीत.

स्वतःच्या कामाला कधी छान म्हणायचा नाही. चालेल म्हणायचा.

हे सगळं झुहैरने मुद्दाम लक्षात ठेवलं नव्हतं. माणूस गेल्यावर एकेक गोष्ट आपोआप वर येऊ लागली. तीही कशाही क्रमाने.

बीहीचं दुकान सुवेरा शहराच्या तटबंदीखाली, समुद्राकडे पाठ असलेल्या एका कमानीत होतं. समोर झुहैरचं खोपटं. मराकेशला अरबी साहित्याची पदवी घेऊन झुहैर गावी परतला, नोकरीसाठी सगळीकडे अर्ज करून थकला, आणि शेवटी मोबाइलचे रिचार्ज विकायला बसला. सुवेरात वारा सुटला की तो आठवडाभर हटत नाही. खोपट्यात बसवेना झालं की झुहैर समोरच्या कमानीत जाऊन उभा राहायचा. काही दिवस बीही आपलं काम करत राहिला. मग एकदा त्याने पायानेच एक ठोकळा पुढे सरकवला. बस, असा त्याचा अर्थ.

तू काय शिकलास, असं त्याने विचारलं. कविता, झुहैर म्हणाला.

"म्हणजे करायला?"

"नाही, मुआल्लिम. वाचायला."

"वाचायला किती वर्षं लागली?"

"तीन."

"मग करायला सहा लागतील," बीही म्हणाला. "बस, वेळ आहे."

मुरलेल्या कारागिराला तिथे मुआल्लिम म्हणतात; त्या दिवसापासून झुहैरचं नाव उस्ताद, म्हणजे मास्तर, पडलं. एकाचं वय पासष्टच्या पुढे, दुसऱ्याचं पंचवीस. दोघांची मैत्री कशावर जमली हे गल्लीत कुणाला कळलं नाही. त्या दोघांनाही नीट कळलं नसावं. एकाला बोलायला आवडायचं नाही, आणि दुसऱ्याला कुणी आपल्याला पुढे काय ठरवलंस असं न विचारणारं माणूस हवं होतं.

बीही मूळचा हाहा नावाच्या डोंगराळ मुलखातला. मिसरूड फुटायच्या आत तो मामाच्या कारखान्यात आला आणि तिथेच मोठा झाला. अराराच्या गाठीच्या पेट्या करणं हा त्यांचा धंदा. अराराचं झाड दिसायला काही खास नाही, खुरटं, कोरड्या उतारावर कसंबसं तगलेलं. पण त्याच्या मुळाशी, मातीच्या पोटात, कधीकधी एक गाठ धरते. ती कापली की आत डोळेच डोळे दिसतात, तपकिरी, तांबूस, एकमेकांना चिकटलेले, आणि मिरी आणि देवदार एकत्र कुटल्यासारखा वास सुटतो. पूर्वी लोक खेचरांवर लादून गाठी आणत. मग झाडं संपत आली, जंगलखात्याने उकरायला बंदी केली, परवाने आले, आणि गाठीचा भाव ऐकून माणसं खाली बसू लागली.

हा भाव चढायच्या आधी बीहीने एक गाठ घेतली होती. वासराच्या धडाएवढी. त्या गाठीपायी त्याने बापाकडून आलेली अर्गानची झाडं चुलतभावाला देऊन टाकली. त्या झाडांच्या तेलावर त्याच्या बायकोचा, ईज्जाचा, डोळा होता. लग्नात तिला तेवढंच आमिष दाखवलं होतं. झाडं गेली आणि दुकानाच्या कोपऱ्यात एक गाठ आली, ओल्या वाळूत बसवलेली, वर ओलं गोणपाट. ती त्याने कधी कापली नाही. वर्षं गेली, गिऱ्हाईकं आली, मागणी आली, तरी नाही.

"न कापलेल्या गाठीत काहीही असू शकतं," असं तो म्हणायचा.

"न पिळलेल्या झाडात मात्र तेलच होतं," ईज्जा म्हणायची. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी.

गाठीला रोज पाणी घालणं ही एकट्या बीहीची लहर नव्हती. तटाखालचा प्रत्येक कारागीर ते करायचा. अराराची गाठ उघडी ठेवली की वाऱ्याने सुकते आणि उभी फाटते. म्हणून ती ओली ठेवायची, ओलीच कापायची, पातळ पापुद्रे काढून साध्या लाकडाच्या पेटीवर चिकटवायचे आणि रात्रभर दाबून ठेवायचे. पापुद्रा पातळ, त्याला फाटायला जागाच नसते. बापापासून मुलाकडे, मामापासून भाच्याकडे हीच पद्धत आली. ओली गाठ म्हणजे जिवंत गाठ. ती सुकू देणारा कारागीर म्हणजे बकरी उपाशी ठेवणारा धनगर.

पेनांचं खूळ सी तय्यबने आणलं. सी तय्यबचं चौकात दुकान, आणि रबातच्या एका मोठ्या दुकानाशी त्याचा व्यवहार. एक दिवस तो खिशातून परदेशी बनावटीचं लाकडी पेन काढून बीहीसमोर ठेवून म्हणाला की आता पेटी कुणी घेत नाही. पेटीचा भाव सांगितला की माणूस घड्याळ बघतो. पण पेनाला बोटभर लाकूड लागतं. बोटभर लाकडाचा भाव सोसतो.

ईज्जा दुपारचं जेवण घेऊन आली होती. ती म्हणाली, बोटभर ना, मग जमेल, घरात तो तेवढंच देत आलाय.

बीहीने ते पेन उघडलं. आत पितळी नळी होती. लाकडाच्या कांडीला आरपार भोक पाडायचं, त्यात नळी गोंदाने बसवायची, मग कांडी लेथवर चढवून नळीभोवती कातत आणायची, शेवटी लाकडाचं अंग अंड्याच्या कवचाएवढं उरेपर्यंत. टोपण आणि खालचा भाग एकाच कांडीतून काढायचा, म्हणजे टोपण लावलं की डोळ्यांची रांग अखंड दिसते. त्याला ते आवडलं. चार दिवस तो लेथवरून हलला नाही. पाचव्या दिवशी एक पेन ओठावरून फिरवलं आणि चालेल म्हणाला.

आणखी एका कारणाने तो खूश होता. त्याच्या छातीचं दुखणं जुनं होतं. अराराची धूळ नाकात, घशात, मग खाली जाऊन बसते. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की धूळ बंद नाही केली तर छाती बंद होईल. पण ओल्या लाकडाची धूळ उडत नाही. पटाशी लावली की लांब ओलसर फिती सुटतात, सफरचंद सोलावं तशा, आणि जमिनीवर पडतात. पेटी घासून गुळगुळीत करताना जी धूळ व्हायची तिच्या पासंगालाही या कामाची धूळ पुरत नव्हती. त्याने जुन्या तुकड्यांतून, ओल्या गोणपाटाखालून काढून, बारा पेनं केली. सी तय्यबने ती मखमलीच्या पेट्यांत घालून रबातला पाठवली. ती विकली गेली. कुणी वकिलाने घेतलं, कुणी नवऱ्यासाठी, सफी गावातल्या एका शाळेतल्या बाईंनी स्वतःसाठी. त्या हिवाळ्यात बीही कमी खोकला आणि जास्त बोलला.

उन्हाळ्याच्या तोंडाला सी तय्यब एक पेन घेऊन परत आला. तो हसत होता. म्हणाला, काही नाही रे, जरासं. नुसतं दाखवायला आणलं.

पेनाला उभा तडा गेला होता. केसासारखा, टोकापासून टोकापर्यंत. बीहीने त्यात नख घातलं. नख आत गेलं आणि खाली पितळेला लागलं.

झुहैर ठोकळ्यावर बसला होता. त्याने बीहीचा चेहरा बघितला. झुहैर नंतर अनेकदा सांगायचा प्रयत्न करत राहिला की त्या चेहऱ्यावर काय होतं, आणि त्याला सांगता आलं नाही. दुःख नव्हतं. आपल्याच घराचं दार आपल्या तोंडावर लागावं तसं काहीतरी.

"ओलं लाकूड," बीही म्हणाला. "सुकताना आक्रसतं. पितळ आक्रसत नाही."

एवढंच. मामाने शिकवलेलं, तटाखालच्या सगळ्यांनी शिकवलेलं, एका बोटभर नळीपुढे खोटं पडलं होतं.

त्यानंतर एकेक करत पेनं परत आली. सगळी नाही, पण बरीचशी. कुणी भांडलं नाही. सी तय्यब म्हणाला, विसरून जा, लोक समजूतदार आहेत. नैसर्गिक वस्तू आहे, लाकूड म्हटल्यावर तडकायचंच, असं त्यांनी स्वतःच म्हटलंय. दोघांनी तर दुरुस्त झालं नाही तरी चालेल म्हणून कळवलंय.

बीहीने सगळी पेनं फडक्यावर ओळीने मांडली. मग म्हणाला की बाराच्या बारा पुन्हा करून देणार. जी परत आली नाहीत तीही, कारण तीही तडकणार. कोरड्या लाकडातून करणार.

सी तय्यब गेल्यावर झुहैर त्याच्याशी वाद घालत बसला. कोरडं लाकूड म्हणजे धूळ. धूळ म्हणजे काय हे डॉक्टरने सांगितलंय. आणि कुणी मागितलेलंच नाही तर हा हट्ट कुणासाठी?

"मागितलं असतं तर पैसे देऊन मोकळा झालो असतो," बीही म्हणाला. "ते म्हणतात लाकूड तडकतंच. आळ लाकडावर आला, उस्ताद. लाकडाने काय केलं? ओलं मी वापरलं."

"मग दुसऱ्या कुणाकडून कातून घ्या. पलीकडच्या दुकानातला मलिक आहे, त्याची छाती धडधाकट आहे."

"तडा मलिकच्या हातचा आहे का?"

झुहैर फडक्यावरची पेनं गोळा करू लागला. 

ओल्या तुकड्यांपैकी बाराला पुरेल असं लाकूड उरलं नव्हतं, आणि बाजारात घ्यायचं तर त्याची ऐपत नव्हती. राहिली कोपऱ्यातली गाठ. दुसऱ्या सकाळी बीहीने फळी उघडली, चहाचं पाणी ठेवलं, आणि गाठीकडे गेलाच नाही. शेजारच्या दुकानातला म्हातारा जडावकाम करणारा येऊन बघून गेला. मग आणखी एक. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की बीहीने गाठ तहानलेली ठेवली आहे. कुणीतरी विचारलं, तब्येत बरी आहे ना. ते बीहीच्या तब्येतीबद्दल होतं की गाठीच्या, ते कळलं नाही.

ती कापायला भट्टीवाला हमू आला. हमूचे दंड पाव ढकलून ढकलून दोरखंडासारखे झाले होते. करवतीच्या एका टोकाला हमू, दुसऱ्या टोकाला झुहैर. बीही पेन्सिलीने रेघ दाखवत बसला. ईज्जाही आली. घरात काम आहे म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली ती उभीच.

करवत निम्म्यावर गेली आणि किंचाळली. दात तुटले. पाचर ठोकून गाठ फोडली तेव्हा आत दगड निघाला, मुठीएवढा, गुळगुळीत. कधीकाळी मुळाने त्याला वेढा घालून पोटात घेतलं होतं. आणि दगडाच्या भोवती, इतक्या वर्षांच्या पाण्याने, लाकूड काळं पडून भुसभुशीत झालं होतं. बोटाने उकरलं तर कॉफीच्या गाळासारखं हाताला लागत होतं. रोज सकाळी घातलेलं पाणी फटीने आत झिरपत तिथे साचत गेलं होतं.

 हमूने कपाळ पुसलं.

ईज्जा पुढे आली. तिने तो दगड उचलला, ओढणीला पुसला, हातात तोलला.

"माझी झाडं," ती म्हणाली. आणि दगड घरी घेऊन गेली. लिंबाच्या लोणच्यावर दाबायला वजन लागत होतं, तिथे तो ठेवला. तो तिथे चांगला बसला, असं तिने नंतर झुहैरला सांगितलं. त्यात राग होता की नाही हे त्याला ओळखता आलं नाही.

बाहेरच्या बाजूचं लाकूड मात्र शाबूत होतं. शाबूत कसलं, बीहीने उभ्या आयुष्यात तसं पाहिलं नव्हतं. डोळे बारीक, दाट, मधाच्या रंगाचे. त्याने ते कितीतरी वेळ उजेडात फिरवून बघितलं. त्यातून पेनांच्या कांड्या निघाल्या, बाराला पुरतील आणि वर एखाददुसरी.

कांड्या सुकवायला झुहैरने सुचवलं तसं ऊन चाललं नसतं, फुटल्या असत्या. बीहीने त्यांच्या टोकांना मेण लावलं आणि त्या हमूच्या भट्टीच्या माथ्यावर ठेवल्या, विटांवर, जिथे ऊब असते पण आच नसते. अख्खी गल्ली आपली कणीक मळून हमूकडे भाजायला आणते. चार दिवसांत बायकांची कुरकूर सुरू झाली की पावाला पेटीचा वास येतो.

"मग पावात दागिने ठेवा," हमू म्हणाला.

दर शुक्रवारी नमाजानंतर झुहैर एक कांडी घेऊन मसालेवाल्याकडे जायचा आणि त्याच्या तराजूत टाकायचा. वजन उतरत होतं म्हणजे पाणी जात होतं. जिरं घे, लाकूड शिजत नाही, असं मसालेवाला दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. हिवाळा त्यात गेला. एका शुक्रवारी वजन होतं तेवढंच राहिलं. पुढच्या शुक्रवारीही तेवढंच. बीहीने कांडी कानाशी धरून नखाने टिचकी मारली. भांड्यासारखा आवाज आला.

मग काम सुरू झालं, आणि धूळ सुरू झाली.

कोरडा अरार पटाशीखाली फिती देत नाही. पीठ होतं. तांबूस, हलकं, हवेत तरंगणारं. दारातून उन्हाची तिरीप यायची तेव्हा ते पीठ तिच्यात फिरताना दिसायचं. बीही तोंडावर ओलं फडकं बांधून कातायचा. फडकं तासाभरात लाल चिखलाने भरायचं. तो ते पिळायचा, पुन्हा बांधायचा. झुहैरने औषधाच्या दुकानातून तोंडावर लावायचा मुखवटा आणून दिला. त्यातून बीहीला दम लागायचा. तो खिळ्याला टांगलेला राहिला.

पहिलं पेन झालं. ते महिनाभर खिडकीत वाऱ्यात ठेवलं, मग भट्टीवर, मग पुन्हा वाऱ्यात. तडकलं नाही. बीहीने ते सी तय्यबच्या हाती रबातला पाठवलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक पेनाबरोबर तो थोडा वाकत होता. आधी घरून दुकानापर्यंत येताना एकदा थांबायचा, कोळ्यांच्या कोपऱ्यावर. मग दोनदा. मग झुहैर सकाळी घरापर्यंत जाऊ लागला, सहज आलो म्हणत.

एकदा त्या वाटेवर, भिंतीला धरून उभं असताना, झुहैरने त्याला विचारलं की झाडं दिल्याचा कधी पश्चात्ताप झाला का.

बीहीने बराच वेळ श्वास गोळा केला. "झाडं राहिली असती तर ईज्जा जास्त बोलली नसती," तो म्हणाला. "मग घरात आवाज कुणाचा असता?"

दहा पेनं गेली आणि रमजान लागला.

ईज्जाने पहिल्याच दिवशी सांगितलं की तुला रोजा नाही. मशिदीतल्या फकीहने घरी येऊन सांगितलं की आजाऱ्याला सूट आहे, नंतर भरून काढता येतं, नाहीतर एखाद्या गरिबाला जेवू घालावं. बीहीने त्याला आदराने बसवलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आजारी कोण आहे?

तो रोजे धरू लागला. आणि एक गोष्ट झाली जी झुहैरच्या उशिरा लक्षात आली. ओलं फडकं तोंडावर बांधलं की पाणी ओठांवर झिरपतं. घशात एखादा थेंब गेला तर? म्हणून बीहीने फडकं कोरडं बांधायला सुरुवात केली. कोरड्या फडक्यातून पीठ सरळ आत जातं.

झुहैरला ते दिसलं तेव्हा अकरावं पेन लेथवर होतं. त्याने लेथ बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बीहीच्या लेथला हात लावला होता.

"मुआल्लिम, संध्याकाळी काता. इफ्तारनंतर. फडकं ओलं करून."

"संध्याकाळी उजेड नसतो. डोळ्यांची रांग जुळत नाही."

"मग ईदनंतर. एवढे दिवस थांबलात."

बीहीने त्याच्याकडे बघितलं. भुवयांवर, पापण्यांवर तांबूस पीठ बसलं होतं. "उस्ताद," तो म्हणाला, "ईदनंतर मी नसेन. लेथ सुरू कर."

झुहैरने सुरू केला नाही. बीहीने स्वतः हात लांबवून सुरू केला. झुहैर उठून आपल्या खोपट्यात जाऊन बसला. त्या दुपारी कुणी रिचार्जला आलं की तो आकडे चुकत होता. बीहीच्या घरी जाऊन त्याने ईज्जाला सांगितलं. मावशी, तुम्ही तरी. ईज्जा इफ्तारच्या हरीऱ्याच्या सुपासाठी मसूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, गाठ घेतली तेव्हाही मी सांगितलं होतं. मग थोड्या वेळाने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, त्याला उद्या लवकर घरी आण.

अकरावं पेन गेलं. राहिलं सफीच्या शाळेतल्या बाईंचं. त्यांचं परत आलेलं पेन सगळ्यांत वाईट तडकलं होतं, आणि त्यांनीच कळवलं होतं की मला ते असंच आवडतं, तसदी घेऊ नका. ते शेवटी ठेवायचं बीहीने ठरवलं होतं. गाठीचा सगळ्यांत चांगला तुकडा त्याने त्यांच्यासाठी बाजूला काढला होता. लिहिणाऱ्या माणसाला, तो म्हणाला, रोज बघायचं असतं.

ईदच्या दोन दिवस आधी हमू भट्टीतून धावत आला. बीही लेथच्या शेजारी जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून, पाय पसरून. लेथ फिरत होता. तो शुद्धीत होता. बोलत नव्हता, कारण बोलायला हवा नव्हती. हमूने त्याला हातांवर उचललं. नंतर हमू म्हणाला की पिठाच्या पोत्याहून हलका होता. ते तो सारखं सांगत राहिला, जणू त्यात आपलीच काही चूक होती.

रुग्णालयात त्याच्या नाकाला नळी लावली. ईज्जा त्याच्या पायाशी बसली होती. झुहैर दारात. बीहीने बोटाने झुहैरला जवळ बोलावलं. झुहैरला वाटलं काहीतरी मोठं सांगेल. बीहीने हाताने गोल गोल फिरवून दाखवलं. लेथ. बंद केलास का?

केला, मुआल्लिम.

बीहीने डोळे मिटले. ईदच्या आदल्या दुपारी तो गेला.

दफन त्याच संध्याकाळी झालं. वारा इतका होता की कबरीवरची माती उडून लोकांच्या लांब झग्यांवर, जेलाब्यांवर, बसत होती. दुसऱ्या दिवशी ईद. मुलं नवे कपडे घालून गल्लीतून पळत होती आणि आया त्यांना तटाच्या बाजूला आवाज करू नका म्हणून दटावत होत्या. बीहीला मूलबाळ नव्हतं. ईज्जाच्या घरी बायका येत होत्या, बसत होत्या, जात होत्या. झुहैर दारात लोकांना खजूर देत उभा राहिला. कुणीतरी त्याला विचारलं, तू त्यांचा कोण. त्याने विचारणाऱ्याच्या हातावर आणखी एक खजूर ठेवला.

आठवडा उलटल्यावर ईज्जा म्हणाली की दुकान उघडू या. झुहैरने फळी काढली. आत सगळ्यावर तांबूस पीठ होतं, चहाच्या किटलीवर, ठोकळ्यावर, खिळ्याला टांगलेल्या मुखवट्यावर. ईज्जाने झाडू शोधला नाही. ती कशालाही हात न लावता मध्यभागी उभी राहिली.

सी तय्यब मागून आला. सलाम केला, बीहीसाठी दुवा मागितली. मग लेथकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला की एवढंच राहिलंय तर मलिककडून पुरं करून घेऊ. त्याचा हात बरा आहे. तासाभराचं काम आहे.

"तासाभराचंच होतं," ईज्जा म्हणाली. "त्याला नाही मिळाला तो."

 सी तय्यब सलाम करून निघून गेला.

झुहैर लेथपाशी गेला. बाजूला स्वच्छ फडक्यात पेनाचा खालचा भाग होता, पुरा झालेला, घासलेला, मेण लावलेला. लेथवर टोपण. एका टोकाकडे ते गोल झालं होतं, मधाच्या रंगाचे डोळे उघडे पडले होते. दुसऱ्या टोकाकडे अजून चारही कोपरे तसेच होते, करवतीच्या खुणा असलेले, आणि त्यांच्यावर कोणती बाजू कुठे जुळवायची ते सांगणारा पेन्सिलीचा बाण.